पॉझ बटणातून निसटलेली आकाशवाणी: पुणे-सांगली केंद्रांच्या घरगुती टेप डिजिटल करतानाच्या नोंदी

काम असं: सातारा जिल्ह्यातल्या चौदा घरांतून जमलेल्या ६३ कॅसेटी आणि ११ स्पूल (उघड्या चकतीवर गुंडाळलेल्या टेप) डिजिटल करायचे. सगळं रेडिओवरून टेप केलेलं, बहुतेक १९७५ ते १९९५ च्या दरम्यानचं. या पट्ट्यात मध्यमलहरींवर पुणे (७९२ किलोहर्ट्झ) आणि सांगली (१२५१ किलोहर्ट्झ) ही दोन्ही केंद्रं लागायची, त्यामुळे एकाच कॅसेटवर दोन्हींची सरमिसळ आहे. केंद्रांमध्ये टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती. रोजच्या प्रसारणातलं फार थोडं तिथे शिल्लक राहिलं, बाकीचं असलं तर श्रोत्यांच्या माळ्यावर. असंच काम दुसऱ्या केंद्राच्या परिसरात कुणी हाती घेणार असेल, तर चुका आणि खर्च आधीच कळावेत म्हणून या नोंदी.

९ जून २०२४
मोजदाद आणि क्रमांक. प्रत्येक कॅसेटचा, तिच्या कागदाचा आणि डबीचा फोटो आधी घ्यायचा, मगच हात लावायचा. हे दहाव्या कॅसेटनंतर कळलं. नऊ नंबरची कॅसेट स्पिरिटने पुसताना बॉलपेनने लिहिलेली तारीख उडाली आणि ती आता कुठेच नाही. क्रमांक पेन्सिलने कागदी पट्टीवर लिहून डबीवर लावले, कॅसेटवर चिकटपट्टी लावली नाही. डेकमध्ये ती सुटून आत अडकते.

२२ कॅसेटींना बुरशी. पावसाळ्याच्या तोंडावर काम सुरू करायला नको होतं. हे काम नोव्हेंबर ते मे या काळात करायचं.

१६ जून
डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) पुण्याच्या जुन्या बाजारातून ५,५०० रुपयांना. चालू म्हणून दिलेला, पण आतला पट्टा वितळून डांबरासारखा झालेला. पुल्या स्पिरिटने साफ करायलाच दोन तास गेले. वितळलेल्या पट्ट्याचा घेर मोजता येत नाही. पुल्यांभोवती दोरा फिरवून घेर मोजायचा आणि नवा पट्टा त्याहून सुमारे पाच टक्के कमी घ्यायचा. पुण्याच्या तपकीर गल्लीत १२० रुपयांना एक मिळत होता. पहिला फार घट्ट घेतला, मोटरवर ताण येऊन आवाज थरथरायला लागला. दुसरा सैल निघाला. तिसरा बसला.

पिंच रोलरचं (टेप दाबून पुढे ओढणाऱ्या चाकाचं) रबर कडक झालं होतं. सँडपेपरने घासून पाहिलं, तो एका बाजूला जास्त घासला गेला आणि टेप वर सरकून चुरगळली. चाचणीची कॅसेट होती म्हणून निभावलं. नवा रोलर ४५० रुपये. रोलर घासू नका, बदला. आणि रबराला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका, साबणाचं कोमट पाणी पुरतं; अल्कोहोल फक्त हेडला (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि कॅप्स्टनला (टेप फिरवणारी धातूची दांडी).

२३ जून
नऊ बाजू टेप करून झाल्यावर लक्षात आलं की सगळ्या फुकट गेल्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर लावली होती. तिथे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय आणि खरखर दाबणारी सोय दोन्ही चालू असतात. निवेदक थांबला की मागची खरखर हळूहळू वर चढत जायची आणि तो बोलू लागला की पहिला शब्द दबायचा. ‘आकाशवाणी’मधला ‘आ’ प्रत्येक वेळी खाल्लेला.

लाइन-इन असलेला यूएसबी इंटरफेस घेतला, ८,२०० रुपये. सेटिंग: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. ९६ किलोहर्ट्झ घेतलं नाही, कारण मध्यमलहरींवरून घरच्या रेडिओत येणारा कार्यक्रमाचा आवाज जेमतेम पाच किलोहर्ट्झपर्यंतचा. मूळ आवाज मोनो असला तरी डावा-उजवा दोन्ही चॅनल ठेवले: टेपची एक कड खराब असली तर दुसऱ्या चॅनलवर शब्द वाचतात. तासाला साधारण एक जीबी होतं.

३० जून
बुरशी. पांढरी भुकटी टेपच्या गुंडाळीच्या कडेवर, कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर जाळं दिसतं. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालायची नाही, पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. आमची पद्धत: हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर आठ दिवस, मग एन-९५ मास्क लावून गॅलरीत कवच उघडून मऊ ब्रशने कडा झाडायच्या. त्यानंतर दुसऱ्या, भंगारातून १,८०० रुपयांना आणलेल्या डेकवर एकदा पुढे-मागे पळवायची. स्क्रूवाली कवचं उघडतात. चिकटवलेल्या कवचाला शिवणीवर पातळ पातं घालून फोडावं लागतं आणि टेप रिकाम्या स्क्रूवाल्या कवचात हलवावी लागते. अशी वीस कवचं आणली, २५ रुपयांना एक.

हेडसमोरचा छोटा फेल्टचा पॅड सात कॅसेटींत गळून पडलेला. त्याशिवाय आवाज येतो पण बुडालेला येतो, आणि आपल्याला वाटतं की मूळ टेपच खराब आहे. आधी पॅड बघा.

७ जुलै
हेडचा कोन. घरोघरच्या टेपरेकॉर्डरचं हेड जरा वाकडंच असे. त्यावर केलेलं रेकॉर्डिंग आपल्या सरळ हेडवर दबकं वाजतं. हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू प्रत्येक कॅसेटसाठी फिरवावा लागतो. आधी मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण करा. दोन्ही चॅनल एकत्र मोनो करून ऐका आणि आवाज सर्वांत उघडा होईल तिथे थांबा. गाण्यावर कान ठेवून हे जमलं नाही. निवेदकाच्या बोलण्यातल्या ‘स’ आणि ‘श’वर जमतं. ‘सांगली’ हा शब्द यासाठी उत्तम.

१४ जुलै
या कामाचा रोख आज बदलला.

आतापर्यंत आम्ही गाण्यांची यादी करत होतो. पण भावगीतं, नाट्यपदं, चित्रपटगीतं बहुतेक सगळी अन्यत्र स्वच्छ मिळतात. मिळत नाही ती गाण्यांमधली जागा: निवेदन, वेळ सांगणं, पुढच्या कार्यक्रमाची सूचना, ‘तांत्रिक बिघाडामुळे आलेल्या व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’. नेमकी तीच जागा टेप करणाऱ्यांनी गाळलेली आहे. गाणं संपलं की पॉझ दाबायचं, निवेदकाचं बोलणं संपलं की सोडायचं. कॅसेट महाग होती, साठ मिनिटांत जास्तीत जास्त गाणी बसवायची होती.

पण बोट नेहमी वेळेवर पडत नाही. उदाहरणार्थ कॅसेट २७, बाजू ब, १४ मिनिटं ३२ सेकंद: गाणं संपतं, तंबोरा विरतो, बाईंचा शांत आवाज येतो, ‘आकाशवाणीचं हे सांगली केंद्र आहे. आता सकाळचे आठ वाजून’ आणि खट्. पॉझ सुटल्यावर टेप वेग घेते तेव्हा येणारी छोटी ‘ऊईप्’ आणि पुढचं गाणं. सव्वाचार सेकंद. केंद्र, सभा (दिवसातल्या प्रसारणाचा भाग) आणि वेळ या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

तेव्हा आजपासून नोंदीचं मुख्य एकक गाणं नाही, पॉझच्या अलीकडचा तुकडा. ऑडॅसिटीत (आवाजाच्या संपादनाचं सॉफ्टवेअर) प्रत्येक ‘खट्’वर लेबल टाकायचं आणि त्याच्या आधीचे वीस सेकंद जसेच्या तसे ऐकून लिहून काढायचे. पहिल्या ११ कॅसेटींत गाण्याच्या कडा ‘साफ’ कापल्या होत्या. मूळ फायली ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. मूळ फायलीवर कधीही काम करू नका.

२८ जुलै
वेग. बऱ्याच कॅसेटी वर-खाली सुरात आहेत. मोजायला काही ठाम खूण हवी, म्हणून टेपवरचा मेन्सचा हम (घरच्या विजेमुळे येणारी गुणगुण) घेतला: वीज ५० हर्ट्झची, तेव्हा हम ५० वर आणला की वेग बरोबर. कॅसेट १२ वर हम ४८.६ वर होता, म्हणून वेग जवळपास तीन टक्के वाढवला. अशा १९ बाजू दुरुस्त केल्या.

४ ऑगस्ट
त्या १९ बाजू चुकल्या. कॅसेट १२ च्या सुरुवातीला पहिल्या सभेची संकेतधून आणि वंदे मातरम् सापडलं. दुरुस्त केलेल्या फायलीत धून जवळजवळ पाव स्वर चढी वाजत होती. मूळ फायलीत ती जागेवर होती.

कारण दोन. त्या काळी ग्रिडची (वीजजाळ्याची) फ्रिक्वेन्सी ५० वर टिकत नसे, तुटवड्याच्या वेळी चांगलीच खाली यायची. कॅसेट रेकॉर्डरची मोटर डीसी, तिचा ग्रिडशी संबंध नाही; म्हणजे टेपवर हम ४८.६ दिसतो कारण त्या दिवशी वीजच ४८.६ ची होती. स्पूलच्या यंत्रात उलटा घोटाळा. तिथे मोटर मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, वीज मंद तर मोटरही मंद, त्यामुळे आज वाजवताना हम बरोबर ५० वर दिसतो आणि माणसाचा आवाज मात्र चढा असतो. दोन्हीकडे हम फसवतो. शिवाय आपल्या आजच्या डेकचा हम त्यात मिसळलेला असतो तो वेगळाच.

त्याऐवजी चालतं ते असं. पहिलं, संकेतधून. वॉल्टर कॉफमन यांची म्हणून ओळखली जाणारी शिवरंजनी रागावरची ही धून सगळ्या केंद्रांवर एकच, तेव्हा स्वच्छ प्रत शेजारी लावून सूर जुळवता येतो. आमच्याकडे पाचच कॅसेटींवर ती आहे, पहाटे रेडिओ लागायच्या आधीच बटण दाबून ठेवणाऱ्यांची कृपा.

दुसरं जास्त अचूक निघालं. रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या चॅनलवरचं दूरचं केंद्र घुसतं आणि एक बारीक शिट्टी ऐकू येते. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडे मध्यमलहरींचे चॅनल नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत. दोन ट्रान्समीटरच्या कॅरियरमधलं (आवाज वाहून नेणाऱ्या लहरींमधलं) अंतर काटेकोर नऊ किलोहर्ट्झ, म्हणून शिट्टीही नऊ किलोहर्ट्झचीच. स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रावर) ती आडवी रेघ म्हणून दिसते. कॅसेट ३३ वर ती ९.२७ वर होती, म्हणजे वेग तीन टक्के जास्त. ऑडॅसिटीत वेग उणे २.९१३ टक्के दिला आणि रेघ नऊवर आली. सहा कॅसेटींवर अशी रेघ मिळाली. खरखर कमी करण्याची क्रिया आधी केली तर ही रेघ सर्वांत आधी पुसली जाते, म्हणून ती क्रिया आम्ही पूर्ण बंद केली.

चार कॅसेटींत वेग सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरकत जातो. सेलवर चाललेला रेकॉर्डर: सेल उतरत गेले तशी टेप मंद फिरली, आता वाजवताना आवाज बारीक होत जातो. पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडून दुरुस्त करावे लागले. एका बाजूला अडीच तास.

११ ऑगस्ट
यादीतली मोठी चूक. ज्या कॅसेटवर ‘आकाशवाणी पुणे’ ऐकू आलं ती पुणे केंद्राची, असं धरून १७ कॅसेटी नोंदल्या होत्या. त्यातल्या सहा सांगलीच्या निघाल्या.

सकाळच्या प्रादेशिक बातम्या पुण्याहून निघायच्या आणि इतर केंद्रं त्या सहक्षेपित करायची, म्हणजे तिथून घेऊन आपल्या लहरींवर ऐकवायची. बातम्या वाचणाऱ्याच्या तोंडी ‘आकाशवाणी पुणे’ आलं म्हणजे सुई पुण्यावर होती असं नाही. दिल्लीच्या मराठी बातम्यांचंही तेच. केंद्र ठरवायचं ते सहक्षेपण संपल्यावरच्या पहिल्या वाक्यावरून. बातम्या संपतात, एक-दोन सेकंद पोकळी येते, आणि मग स्थानिक स्टुडिओतला निवेदक बोलतो. त्याच्या आवाजाची पोत वेगळी असते: सहक्षेपणात कधी लघुलहरींसारखा चढउतार असतो, लगेच पुढचा स्थानिक आवाज स्थिर आणि जवळचा. ही पोकळी दोन सेकंदांची असते आणि आम्ही शांतता कापणारी क्रिया लावून तीन फायलींत ती घालवली होती. त्या पुन्हा केल्या.

१ सप्टेंबर
तारखा लावणं. कागदावरच्या तारखांवर भिस्त नको; एकाच कॅसेटवर दोन-तीनदा टेप केलेलं असतं आणि कागद पहिल्या वेळचा. हवेतून आलेल्या खुणा जास्त खऱ्या. आम्ही वापरतो त्या:

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं, सांगली ६ ऑक्टोबर १९६३ चं. त्याआधीचं म्हणून कुणी काही दिलं तर तिथेच थांबायचं. जाहिरात ऐकू आली तर १ नोव्हेंबर १९६७ नंतरचं. व्यापारी प्रसारण मुंबई-पुणे-नागपूर विविध भारतीवर त्या दिवशी सुरू झालं. संस्कृत बातम्या असतील तर ३० जून १९७४ नंतरचं. निवेदक सभेच्या सुरुवातीला मीटर आणि किलोहर्ट्झ सांगतो तो आकडा तर सोन्यासारखा: नऊने भाग गेला (७९२, १२५१) तर बहुधा नोव्हेंबर १९७८ नंतरचं. फक्त मीटर ऐकू आले तर तीन लाखाला त्याने भागा: २३९.८ मीटर म्हणजे १२५१.

दोन घरांत कॅसेटींबरोबर रेडिओच्या परवान्याची पुस्तकं मिळाली, पोस्टात दरवर्षी नूतनीकरण केलेली. त्यावर संचाचा मेक आणि मॉडेल असतं. कोणत्या रेडिओवरून टेप झालं हे कळायला याहून चांगला कागद नाही. रद्दीत जाऊ देऊ नका.

छापील वेळापत्रकही जुळवून पाहिलं. आकाशवाणीचं ‘इंडियन लिसनर’ हे पत्रक (१९५८ पासून त्याचंच नाव ‘आकाशवाणी’) सुरुवातीच्या वर्षांसाठी कामाचं. १९५६ च्या शेतकरी श्रोतृमंडळांच्या (एकत्र रेडिओ ऐकून चर्चा करणाऱ्या गावगटांच्या) प्रयोगाचा माग त्यातूनच लावतो आहोत: युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून २० कार्यक्रम, ऐकायला सुमारे दीडशे गावं, आणि पाच जिल्ह्यांत तेव्हाचा उत्तर साताराही. त्याचं ध्वनिमुद्रण आमच्या टेपांत नाही, असायची शक्यताही नाही. पण त्या गावांत ज्यांच्या घरी मंडळाच्या वह्या असतील त्यांना शोधणं अजून शक्य आहे.

१५ सप्टेंबर
स्पूल. यंत्र उसनं मिळालं, दुरुस्तीला ३,५०० रुपये. सात इंची स्पूलवर १,२०० फूट टेप, सेकंदाला १९ सेंटीमीटरच्या वेगाने ३२ मिनिटं, साडेनऊच्या वेगाने ६४. घरगुती बहुतेक साडेनऊवर. स्पूल ४ वर दोन आवाज एकदम, एक उलटा: चार ट्रॅकची टेप दोन ट्रॅकच्या हेडवर लावली होती. चार ट्रॅकचं हेड असलेलं यंत्र मिळेपर्यंत बाजूला.

स्पूल ६ किंचाळत थांबला, हेडवर तपकिरी राळ. मागून काळा लेप असलेल्या टेपला हा रोग होतो, बाइंडर (चुंबकी भुकटी टेपला चिकटवणारा थर) ओल धरतं. उपाय ५४ अंशांवर आठ तास शेकणं. फळं सुकवायच्या ड्रायरमध्ये आधी रिकामी चाचणी घेतली हे बरं झालं: बटण ५४ वर, वेगळ्या थर्मामीटरवर ६६. ओव्हनमध्ये तर करूच नये. आणि शेकण्याआधी स्पूल उजेडासमोर धरा. कडेने उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेटची टेप, तिला उष्णता लावली की संपली. स्पूल ९ तशी निघाली, व्हिनेगरचा वास आणि टेप काडीसारखी मोडते. ती आम्ही सोडून दिली आहे, हात लावणार नाही.

स्पूल २ च्या डबीवर ‘गीतरामायण, पुणे आकाशवाणी, १९५५’. घरच्यांची मोठी आशा होती, आमचीही. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला सुरू झालेली ती ५६ गीतांची मालिका. पण या टेपवर सगळी गीतं सुधीर फडके यांच्याच आवाजात आहेत. मूळ मालिकेत गीतागणिक गायक वेगळे होते, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके अशी मंडळी. म्हणजे ही टेप नंतरच्या ध्वनिमुद्रिकांवरून किंवा कार्यक्रमातली. घरच्यांना हे त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. डबीवरचं नाव यादीत तसंच ठेवलं आणि पुढे ‘मूळ प्रसारण नाही, कारण’ असा रकाना जोडला.

६ ऑक्टोबर
कॅसेट ५१ ‘बिघडलेली’ म्हणून बाजूला टाकलेली. पंचवीस मिनिटं नुसती सारंगी, मध्ये लांब शांतता. बिघाड नाही, दुखवट्याचं प्रसारण. नेमका कोणता दुखवटा हे ठरेना. १९८४ चा ऑक्टोबर, १९८४ चा नोव्हेंबर आणि १९९१ चा मे, तिन्ही शक्य. शेवटच्या निवेदनात पॉझच्या आधी दीड वाक्य आहे आणि त्यात ‘कऱ्हाड’ शब्द स्पष्ट येतो. यशवंतराव चव्हाणांचं निधन २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत झालं आणि अंत्यसंस्कार कऱ्हाडला. तारीख २५ ते २७ नोव्हेंबर अशी नोंदली, ‘अनुमान’ असा शिक्का ठेवून. कोरी वाटणारी कॅसेट शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय टाकू नका.

२० ऑक्टोबर
फायलींची नावं आणि हक्क. नाव असं: केंद्र, वर्ष (अनुमान असेल तर ‘अ’), कॅसेट क्रमांक, बाजू. उदा. सांगली-१९८४अ-५१-ब. आधी नावात गाणं आणि कार्यक्रम घातला होता, दर दुरुस्तीला नाव बदलायला लागलं. आता तो मजकूर फक्त तक्त्यात.

हक्क: कायद्यात प्रसारणावरचा हक्क २५ वर्षांचा, ध्वनिमुद्रणावरचा ६० वर्षांचा, आणि संहितेवर लेखकाचा वेगळा. म्हणून पूर्ण गाणी कुठेही चढवायची नाहीत. निवेदनांचे तुकडे ज्या घरचे, त्यांच्या लेखी संमतीने फक्त अभ्यासासाठी द्यायचे. प्रत्येक घराला त्यांच्या टेपची पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर आणि मूळ टेप परत. टेप परत करणं यात कसूर नको. एका घरातून दुसऱ्या घरी शब्द जातो तो यावरूनच.

१० नोव्हेंबर
हिशोब: दोन डेक ७,३००, पट्टे आणि रोलर ८१०, इंटरफेस ८,२००, दोन टीबीच्या दोन डिस्क ११,२००, कवचं ५००, अल्कोहोल ६००, सिलिका जेल आणि मास्क ४००, स्पूलचं यंत्र ३,५००. एकूण ३२,५१० रुपये. वेळ सुमारे २१० तास, त्यातले साठेक तास वर लिहिलेल्या चुका निस्तरण्यात. एका तासाच्या कॅसेटला सगळं धरून अडीच तास लागतात.

झालेलं: ५८ कॅसेटी पूर्ण, तीन अर्ध्या, दोन अजून सिलिका जेलमध्ये. स्पूल आठ. पॉझच्या अलीकडचे तुकडे २१४, सगळे मिळून ४७ मिनिटं; त्यातल्या ३८ तुकड्यांत केंद्राचं नाव स्पष्ट ऐकू येतं, २४ सांगली आणि १४ पुणे.

राहिलेलं: स्पूल ४ साठी चार ट्रॅकचं हेड, आणि २१४ पैकी ज्या निवेदकांचे आवाज ओळखता आले नाहीत त्यांची एक वेगळी फाइल. ती घेऊन पुढच्या महिन्यात केंद्रातून निवृत्त झालेल्या लोकांकडे जायचं आहे. एका बसण्याला दहापेक्षा जास्त तुकडे ऐकवायचे नाहीत आणि नाव आपण आधी सुचवायचं नाही.